विश्लेषण : तात्पुरती सोय म्हणून बनवलेली गाडी ६८ वर्षे कशी टिकली? लँड रोव्हर घडवणारे मॉरिस विल्क्स कोण होते?

दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंजन गावातून संदकफूचा ट्रेक केलेल्यांनी ती गाडी नक्कीच पाहिली असेल. चौकोनी तोंड, सपाट पत्र्याचे मडगार्ड, मागे ताडपत्रीचे छप्पर आणि वळणावळणावर घुमणारा इंजिनाचा आवाज. चहामळ्यांच्या ब्रिटिश मालकांनी १९५०च्या दशकात या भागात आणलेल्या लँड रोव्हर गाड्या ३,६३६ मीटर उंचीवरील संदकफूपर्यंत प्रवासी, तांदूळ, बटाटे आणि गॅसचे सिलिंडर वाहत आल्या आहेत. बनवणाऱ्यांनी मात्र या गाडीला दोन-तीन वर्षांपेक्षा अधिक आयुष्य मिळेल असे गृहीत धरले नव्हते. पोलादाची टंचाई संपेपर्यंत कारखाना चालू ठेवायचा, एवढाच तिचा उद्देश होता. ही गाडी घडवणारे ब्रिटिश अभियंते मॉरिस विल्क्स यांचे आयुष्य आणि जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांचे आजचे आकर्षण यांचा संबंध काय, याचे हे विश्लेषण.

मॉरिस विल्क्स कोण होते?

मॉरिस विल्क्स यांचा जन्म १९ ऑगस्ट १९०४ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेलिंग बेटावर झाला. माल्व्हर्न कॉलेजमध्ये शिक्षण घेतल्यानंतर १९२२ मध्ये ते हिलमन या मोटार कंपनीत दाखल झाले. पुढे १९२६ ते १९२८ अशी दोन वर्षे त्यांनी अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये काम केले. मोटार हजारांच्या संख्येने कशी बनवायची, हे तेव्हा जगात सर्वाधिक अमेरिकेला कळत होते. तिथला अनुभव घेऊन ते पुन्हा हिलमनमध्ये परतले.

त्यांचे थोरले बंधू स्पेन्सर विल्क्स हेही हिलमनमध्येच होते. कंपनीची मालकी बदलल्यानंतर स्पेन्सर रोव्हरमध्ये गेले आणि १९३० मध्ये मॉरिस यांनाही तिथे मुख्य अभियंता म्हणून घेऊन आले. रोव्हर तेव्हा आर्थिक संकटात होती. दोघा भावांनी कामाची वाटणी केली. व्यवहार आणि हिशेब स्पेन्सर यांच्याकडे, गाडीचा आराखडा आणि तंत्र मॉरिस यांच्याकडे. कमी गाड्या बनवायच्या पण चांगल्या बनवायच्या, हे त्यांचे धोरण होते. डॉक्टर, वकील, बँकेचे व्यवस्थापक अशा मध्यमवर्गातील वरच्या थराला परवडणारी, शांत चालणारी आणि भपका न करणारी मोटार, अशी रोव्हरची ओळख १९३०च्या दशकात तयार झाली. शेतात चिखल तुडवणाऱ्या गाडीशी या कंपनीचा दुरान्वयानेही संबंध नव्हता.

जेट इंजिनावरून वाद काय झाला होता?

विल्क्स यांच्या कारकिर्दीतील एक प्रकरण मोटारींपेक्षा विमानांच्या इतिहासात अधिक वाचायला मिळते. फ्रँक व्हिटल यांनी इंग्लंडमध्ये जेट इंजिन तयार केले होते. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर या इंजिनाचे उत्पादन करण्याचे काम १९४० मध्ये रोव्हरकडे आले. त्यासाठी उत्तर इंग्लंडमधील बार्नोल्ड्सविक आणि क्लिदरो येथे जागा घेण्यात आल्या.

प्रयोगशाळेत चालणारे इंजिन आणि कारखान्यात शेकड्यांनी बनवता येणारे इंजिन यांत मोठे अंतर असते. विल्क्स यांनी आराखड्यात बदल सुरू केले. व्हिटल यांच्या इंजिनात हवा एकदा उलट फिरवून ज्वलनकक्षात नेली जात असे. विल्क्स यांच्या हाताखालील एड्रियन लोम्बार्ड आणि सहकाऱ्यांनी ही हवा पुढून मागे सरळ नेणारी रचना तयार केली. सरकारी खात्याला याची कल्पना होती, पण व्हिटल यांना अंधारात ठेवण्यात आले. आपल्या शोधावर दुसरेच हात फिरवत आहेत, हे कळल्यावर व्हिटल संतापले. दोन्ही बाजूंचे संबंध इतके बिघडले, की युद्धकाळात अत्यंत गरजेचे असलेले इंजिन रखडले.

अखेर १९४२च्या शेवटी रोल्स-रॉइसचे अर्नेस्ट हाइव्ह्स आणि स्पेन्सर विल्क्स यांच्यात तोडगा निघाला. जेटचे काम रोल्स-रॉइसने घ्यायचे आणि बदल्यात मेटिऑर या रणगाड्याच्या इंजिनाचे काम रोव्हरला द्यायचे. १९४३ मध्ये ही अदलाबदल पूर्ण झाली. ज्या सरळ रचनेवरून वाद पेटला, तीच पुढे रोल्स-रॉइसच्या डरवेंट इंजिनात वापरली गेली.

या प्रकरणात व्हिटल यांच्यावर अन्याय झाला, असे मानणारे अनेक अभ्यासक आहेत. विल्क्स यांचा स्वभाव मात्र त्यातून दिसतो. मूळ कल्पना कोणाची, यापेक्षा ती बनवायला सोपी कशी होईल, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. पाच वर्षांनी हाच प्रश्न त्यांनी एका अमेरिकन जीपसमोर उभे राहून विचारला.

लँड रोव्हरची कल्पना कशी सुचली?

युद्धानंतर विल्क्स यांच्याकडे वेल्सच्या वायव्येला असलेल्या अँगलसी बेटावर शेत होते. तिथल्या कामासाठी त्यांनी लष्कराच्या मोडीतून आलेली विलीज जीप घेतली होती. युद्धकाळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या होत्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या हजारो स्वस्तात विकल्या गेल्या. ओढा ओलांडणे, लाकडे ओढणे, वाळूतून जाणे अशी कामे ती जीप बिनबोभाट करत असे. पण ती थकली होती आणि सुटे भाग मिळणे अवघड झाले होते.

ही जीप बंद पडल्यावर काय घेणार, असा प्रश्न थोरल्या भावाने विचारला आणि दुसरी जीपच घ्यावी लागेल, कारण तशी दुसरी गाडीच नाही, असे उत्तर मॉरिस यांनी दिले, ही गोष्ट लँड रोव्हरप्रेमींमध्ये प्रसिद्ध आहे. १९४७ मध्ये अँगलसीच्या रेड व्हार्फ बे या किनाऱ्यावरील वाळूत मॉरिस यांनी काठीने नव्या गाडीची आकृती काढून भावाला दाखवली, असेही सांगितले जाते.

वाळूतल्या आकृतीइतकीच महत्त्वाची होती ती कंपनीची अडचण. कोव्हेंट्रीतील रोव्हरच्या कारखान्याचे जर्मन बॉम्बहल्ल्यात नुकसान झाले होते. त्यामुळे विमानांच्या इंजिनांसाठी सरकारने सोलिहल येथे उभारलेल्या मोठ्या कारखान्यात कंपनी गेली होती. जागा भरपूर, कामगार तयार, पण पोलाद नाही. परकीय चलनासाठी ब्रिटिश सरकार निर्यात करणाऱ्या कंपन्यांनाच पोलादाचा कोटा देत होते. रोव्हरच्या घरगुती वळणाच्या मोटारींना परदेशात मागणी बेताची होती. छोटी स्वस्त मोटार काढण्याचा एक प्रयत्नही सोडून द्यावा लागला होता. कमी पोलादात बनेल आणि परदेशात विकली जाईल अशी गाडी हवी होती.

सप्टेंबर १९४७ मध्ये संचालक मंडळाने या प्रकल्पाला मान्यता दिली आणि ३० एप्रिल १९४८ रोजी अॅमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात लँड रोव्हर जगासमोर आली. मंजुरीपासून प्रदर्शनापर्यंत अवघे आठ महिने लागले.

पत्रा अॅल्युमिनियमचा आणि सपाटच का?

लँड रोव्हरचे रूप कोणा कलाकाराने ठरवले नाही, ते टंचाईने ठरवले. मोटारीच्या पत्र्याला गोलाई द्यायची तर मोठे प्रेस आणि महागडे डाय लागतात. डाय तयार व्हायला अनेक महिने जातात. तात्पुरत्या गाडीसाठी एवढा खर्च करणे रोव्हरला परवडणारे नव्हते. म्हणून विल्क्स यांनी असे भाग आखले, जे सपाट पत्रा कापून आणि साध्या यंत्रावर वाकवून बनतील. आज जो चौकोनी चेहरा दिमाखदार वाटतो, तो डायचा खर्च वाचवण्यातून आला आहे.

पोलादाचा पत्रा मिळत नव्हता, पण अॅल्युमिनियमवर तशी बंधने नव्हती. म्हणून बॉडीसाठी बर्माब्राइट हा अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचा मिश्रधातू निवडला गेला. तो हलका होता आणि गंजत नव्हता. चासी मात्र पोलादाचीच हवी होती. तिच्यासाठी पोलादाच्या चपट्या पट्ट्या कापून, चारही बाजूंनी वेल्डिंग करून चौकोनी पेटीसारखे दांडे बनवण्यात आले. उघड्या पट्टीपेक्षा अशी बंद पेटी पिळवटण्याच्या ताणाला कितीतरी अधिक तोंड देते. इथेही मोठ्या प्रेसची गरज लागली नाही. रंग हिरवा होता, कारण विमानांसाठीचा हिरवा रंग युद्धानंतर शिल्लक पडला होता.

इंजिनही वेगळे बनवले नाही. त्याच वर्षी आलेल्या रोव्हर ६० मोटारीचे १,५९५ सीसी क्षमतेचे, साधारण ५० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन बसवले गेले. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर जीपइतकेच, म्हणजे ८० इंच ठेवले. पहिला नमुना तर जीपच्याच चासीवर उभारला होता. त्यात स्टिअरिंग ट्रॅक्टरप्रमाणे मधोमध होते. डावीकडून आणि उजवीकडून चालवणाऱ्या दोन्ही प्रकारच्या देशांत एकच गाडी विकता येईल, असा हिशेब होता. पण मध्ये बसलेल्या चालकाला हात बाहेर काढून इशारा देणे कठीण होते आणि जागाही वाया जात होती. ती कल्पना लगेच सोडून देण्यात आली.

चारही चाकांना ताकद दिल्याने नेमके काय होते?

साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांकडे जाते. ती चाके चिखलात घसरली की उरलेली दोन नुसती ओझे म्हणून मागे येतात. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची आणखी एक पेटी असते. ती ताकद वाटून एका शाफ्टने पुढच्या आणि दुसऱ्या शाफ्टने मागच्या अॅक्सलला देते.

यात एक अडचण असते. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही अॅक्सल एकमेकांना घट्ट जोडले तर कोरड्या डांबरी रस्त्यावर शाफ्ट आणि गिअरवर ताण येतो आणि टायर झिजतात. पहिल्या लँड रोव्हरमध्ये यावर सायकलसारखा उपाय होता. सायकलचे मागचे चाक पायडलपेक्षा वेगाने फिरू शकते, तशी फ्रीव्हील यंत्रणा पुढच्या अॅक्सलच्या वाटेवर बसवली होती. त्यामुळे वळणावर पुढची चाके मोकळी होत. अवघड जागी कडी ओढून ती घट्ट करता येई. १९५०च्या सुमारास ही रचना बदलली आणि गरजेनुसार दोन किंवा चार चाकांची ताकद निवडण्याची सोय आली.

ट्रान्सफर केसचे दुसरे काम तितकेच मोलाचे आहे. तिच्यात हाय आणि लो अशा दोन श्रेणी असतात. लो श्रेणीत वेग निम्म्याहून कमी होतो, पण चाकांवर येणारा पीळ दुपटीहून अधिक होतो. चार गिअरच्या गाडीला प्रत्यक्षात पुढे जाण्याचे आठ आणि मागे येण्याचे दोन गिअर मिळतात. अवघ्या ५० अश्वशक्तीची गाडी खडी चढण चढते आणि उतरताना ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनाच्या रोधावर सावकाश उतरते, ती याच श्रेणीमुळे. दार्जिलिंगच्या चढावर कामाला येते ती अश्वशक्ती नव्हे, हा पीळ.

ती ट्रक होती, ट्रॅक्टर की मोटार?

विल्क्स यांच्या डोक्यात ग्राहक म्हणून शेतकरी होता. गाडीला पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर काढणारा शाफ्ट जोडता येत असे. त्याला पट्टा लावला की मळणी यंत्र, लाकूड कापण्याचा करवत, पाण्याचा पंप चालवता येई. सकाळी दुधाचे कॅन पोचवायचे, दुपारी नांगर ओढायचा आणि संध्याकाळी त्याच गाडीतून बाजारात जायचे, अशी ती कल्पना होती. नांगरणीत ती खऱ्या ट्रॅक्टरची बरोबरी करू शकली नाही, पण इतर कामांत तिला तोड नव्हती.

किंमत ४५० पौंड ठेवली होती. सुरुवातीच्या यादीत दरवाजे आणि छप्परही जादा पैसे देऊन घ्यायच्या वस्तू होत्या. मालवाहू वाहन म्हणून नोंद असल्याने ब्रिटनमध्ये तिला खरेदी कर लागत नव्हता. या कराचे महत्त्व कंपनीला लवकरच कळले. लाकडी सांगाडा, आतून सजावट आणि सात जणांची बैठक असलेले एक आलिशान रूप बाजारात आणले, तेव्हा ते प्रवासी मोटार ठरले, कर लागला आणि किंमत फुगली. साधारण साडेसहाशे गाड्यांनंतर ते बंद करावे लागले. लोकांना तेव्हा लँड रोव्हर हवी होती ती कामासाठी, मिरवण्यासाठी नव्हे.

ब्रिटिश लष्कराची गोष्ट आणखी बोलकी आहे. लष्कराला जीपच्या जागी खास स्वतःची गाडी हवी होती. त्यासाठी ऑस्टिन चॅम्प तयार झाली. तिला चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन होते, रोल्स-रॉइसच्या आराखड्याचे इंजिन होते, पाण्यातून जाण्याची तयारी होती. कागदावर ती लँड रोव्हरपेक्षा सरस होती. पण ती महाग होती आणि तिची देखभाल किचकट होती. सैन्याने आधी तात्पुरती म्हणून लँड रोव्हर घेतली आणि १९५६ मध्ये तिलाच अधिकृत हलके वाहन ठरवले. चॅम्पचे उत्पादन त्याच सुमारास थांबले.

१९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या सहा विद्यार्थ्यांनी दोन लँड रोव्हर घेऊन लंडन ते सिंगापूर हा प्रवास जमिनीवरून केला, तेव्हा ते भारतातून ब्रह्मदेशात गेले. या मोहिमेने गाडीला मोठी प्रसिद्धी मिळाली. १९५४ मध्ये ८०व्या वाढदिवसानिमित्त विन्स्टन चर्चिल यांना लँड रोव्हर भेट देण्यात आली. बेल्जियममध्ये मिनर्व्हा आणि स्पेनमध्ये सांताना या कंपन्यांनी परवाना घेऊन ती बनवली. तात्पुरती म्हणवली जाणारी गाडी लवकरच रोव्हरच्या मोटारींपेक्षा जास्त संख्येने खपू लागली.

विल्क्स यांचे स्वतःचे स्वप्न कोणते होते?

इतके होऊनही विल्क्स यांचा जीव वेगळ्याच गोष्टीत गुंतला होता. जेट इंजिन हातातून गेले, पण गॅस टर्बाइन मोटारीत बसवण्याचा ध्यास त्यांनी सोडला नाही. युद्धानंतर टर्बाइनचे जाणकार अभियंते त्यांनी रोव्हरमध्ये आणले. मार्च १९५० मध्ये रोव्हरची जेट-१ ही जगातील पहिली गॅस टर्बाइन मोटार धावली. १९५२ मध्ये बेल्जियममधील याबेके येथे तिने ताशी सुमारे २४५ किलोमीटरचा वेग गाठला. तेव्हा ती चालवत होते विल्क्स यांचे भाचे आणि अभियंते स्पेन्सर किंग.

टर्बाइन गुळगुळीत चालत असे, तिला गिअर बदलण्याचा त्रास नव्हता. पण ती इंधन बेसुमार पीत असे, उष्णता सहन करणारे मिश्रधातू महाग होते आणि अॅक्सिलरेटर दाबल्यानंतर ताकद यायला वेळ लागत असे. तरी प्रयोग थांबले नाहीत. जून १९६३ मध्ये रोव्हर आणि बीआरएम यांची टर्बाइन मोटार ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरली. ग्रॅहॅम हिल आणि रिची गिंथर यांनी अधिकृत क्रमवारीबाहेर धावून २४ तास पूर्ण केले.

याच काळात विल्क्स यांच्या देखरेखीखाली रोव्हर २००० ही संपूर्ण नवी मोटार आकार घेत होती. १९६२ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले. पण नवी मोटार बाजारात आलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ८ सप्टेंबर १९६३ रोजी अँगलसी बेटावरील न्यूबरो येथे, वयाच्या ५९व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात रोव्हर २००० आली आणि १९६४ मध्ये युरोपियन कार ऑफ द इयर हा पुरस्कार मिळवणारी पहिली मोटार ठरली.

विल्क्स यांच्या निधनानंतर तीनच वर्षांत, १९६६ मध्ये, पाच लाखावी लँड रोव्हर कारखान्यातून बाहेर पडली. १९७६ मध्ये आकडा दहा लाखांवर गेला. जेट-१ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जाऊन बसली. भविष्य म्हणून ज्यावर पैसा आणि बुद्धी ओतली, ते संग्रहालयात गेले आणि निभावून नेण्यासाठी जे केले, ते रस्त्यावर राहिले.

या गाडीत उणिवा नव्हत्या का?

होत्या, आणि त्याही टंचाईतूनच आलेल्या होत्या. लँड रोव्हर गंजत नाही, हा मोठा गैरसमज आहे. बॉडीचे अॅल्युमिनियम गंजत नाही, पण चासीचे पोलाद गंजते. बंद पेटीच्या आत चिखल आणि पाणी साठते, गंज आतून लागतो आणि बाहेरून दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय अॅल्युमिनियम आणि पोलाद ओल्या हवेत एकमेकांना टेकले, की बॅटरीसारखी क्रिया होऊन अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडते. जुनी लँड रोव्हर घेणारा जाणकार म्हणूनच बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली आडवा होतो आणि हातोडीने चासी ठोकून पाहतो.

मागच्या अॅक्सलचे शाफ्ट जड ओझ्याखाली तुटत. आत पाणी गळे, आवाज फार होई, आरामाचे नाव नव्हते. जपानी कंपन्यांनी हे नेमके हेरले. टोयोटाने आपल्या जीपसारख्या गाडीला १९५४ मध्ये लँड क्रूझर हे नाव दिले, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर लँड रोव्हरच होती. अधिक ताकदीचे इंजिन आणि कमी बिघाड यांच्या जोरावर ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिकेतील मोठी बाजारपेठ पुढे टोयोटाकडे गेली. मूळ ब्रिटिश कंपनी तोवर विलीनीकरण, तोटा आणि गुंतवणुकीच्या अभावात अडकली होती.

जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्या आजही का हव्याशा वाटतात?

पहिले कारण समजण्यातील सोपेपणा. या गाडीची बॉडी मोठ्या प्रमाणात नट-बोल्टने जोडलेली आहे. दबलेला मडगार्ड काढून दुसरा लावायला पान्हे पुरतात. ब्रेक, कार्ब्युरेटर, डायनॅमो सगळे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. आजच्या गाडीत बिघाड शोधायला आधी स्कॅनर जोडावा लागतो आणि एक सेन्सर गेला तर पूर्ण जोडणी बदलावी लागते. आजची गाडी अधिक सुरक्षित, कमी प्रदूषण करणारी आणि आरामदायी आहे, यात वाद नाही. पण ती दुरुस्त करण्याचा अधिकार मालकाच्या आणि गावातल्या मेकॅनिकच्या हातातून निसटला आहे. जुन्या गाडीचे वेड म्हणजे फक्त आठवणींचे लाड नव्हेत, त्यात ही खंतही आहे.

दुसरे कारण तिच्या प्रामाणिक रूपात आहे. तिचा प्रत्येक भाग काही ना काही कामासाठी आहे. सपाट मडगार्डवर डबा ठेवून जेवता येते, मागच्या फळीवर बसता येते, आतला भाग पाण्याने धुता येतो. आज शहरातल्या एसयूव्हीला चौकोनी चेहरा दिला जातो, तो याच गाड्यांची आठवण करून देण्यासाठी. विल्क्स यांना तो खर्च वाचवण्यासाठी घ्यावा लागला होता, आज त्यासाठी जादा पैसे मोजले जातात.

भारताचा या कहाणीशी दुहेरी संबंध आहे. ज्या विलीज जीपवरून विल्क्स यांना कल्पना सुचली, तिचीच जुळणी १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत सुरू केली. महाराष्ट्रातील सरकारी दौरे, साखर कारखाने आणि निवडणूक प्रचार यांत पुढची अनेक दशके जी जीप दिसली, ती आणि लँड रोव्हर एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत. दुसरा संबंध मालकीचा. बीएमडब्ल्यू आणि फोर्ड यांच्याकडून फिरत आलेली लँड रोव्हर २००८ मध्ये जग्वारसह मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आली.

विल्क्स यांच्या आराखड्यातून वाढत गेलेल्या मालिकेतील शेवटची डिफेंडर २९ जानेवारी २०१६ रोजी सोलिहलच्या त्याच कारखान्यातून बाहेर पडली. प्रदूषण आणि सुरक्षेचे नवे नियम पाळणे त्या जुन्या रचनेला शक्य नव्हते. तोपर्यंत २० लाखांहून अधिक गाड्या बनल्या होत्या. त्याच वर्षी कंपनीने पहिल्या मालिकेतील जुन्या गाड्या मूळ रूपात उभ्या करून विकण्याचा उपक्रम जाहीर केला.

पुढे काय?

वीज आणि सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या गाड्यांच्या काळात अशी गाडी पुन्हा बनणार नाही, हे उघड आहे. संदकफूच्या वाटेवरही नव्या गाड्या आल्या आहेत. तरी विल्क्स यांच्या कामातला एक धडा अभियंत्यांसाठी शिल्लक राहतो. त्यांच्याकडे पोलाद नव्हते, डाय नव्हते, वेळ नव्हता. म्हणून त्यांनी जे गाडीला लागतच नाही ते काढून टाकले. उरले ते इतके साधे होते, की मोडल्यावर जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातल्या माणसाला ते जोडता आले. गाडी टिकते ती न मोडल्यामुळे नाही, तर मोडल्यावर पुन्हा उभी करता आल्यामुळे.